गिट्टी, कवेलू की ठिबकच्या नळ्या? परसातल्या माशांच्या टाक्याला फिल्टरचं भरण

वर्धा जिल्ह्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे. घरामागच्या सांदवाडीत त्यांनी दहा बाय आठ फुटांचं, तीन फूट खोल सिमेंटचं टाकं नुकतंच बांधलं. त्यात पंचवीसेक कोई, थोडे गोल्डफिश आणि पोराने हट्टाने सोडलेले दहा-बारा रोहू-कटला आहेत. पाणी बोअरचं, खाद्य रोज दोन मुठी. आठ-दहा दिवसांत पाणी हिरवंगार होतं, तळाशी गाळ बसतो, सकाळी वास येतो. दोनशे लिटरचा निळा ड्रम आणून फिल्टर करायचा आहे, पण त्यात भरायचं काय हे ठरत नाही. कोणी गिट्टी म्हणतं, कोणी विटांचे तुकडे. दुकानदार सिरॅमिक रिंगा आणि बायो-बॉल (प्लास्टिकचे जाळीदार गोळे) घ्या म्हणतो, आणि त्याचा भाव ऐकून यांचं डोकं गरगरलं आहे.

भाऊ, आधी तुमच्या तक्रारी सुट्या करू. हिरवं पाणी, तळाचा गाळ आणि वास ही तीन वेगळी दुखणी आहेत. ड्रममध्ये सोनं भरलं तरी पहिलं जाणार नाही. हिरवेपणा म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. ते इतकं बारीक असतं की गिट्टीतून, जाळीतून आरपार निघून जातं. त्याला ऊन लागतं आणि माशांच्या विष्ठेतून मिळणारं खत लागतं. अर्ध्या टाक्यावर शेडनेट ताणा, उरलेल्या भागात कमळ किंवा मूठभर जलकुंभी सोडा, खाद्य कमी करा. तरीही हिरवं राहिलं तर पंपाच्या लाइनवर यूव्ही दिवा लावावा लागतो. शेवाळाचा विषय एवढाच. खाली जे लिहितो ते गाळ आणि वासासाठी, आणि जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही त्या अमोनियासाठी.

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. भरणावर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना घातक, तिसरा बराच निरुपद्रवी. भरणाचं खरं काम एवढंच, की या जिवाणूंना चिकटून राहायला जागा द्यायची. म्हणून विकणारे लोक 'आमच्या मालाचा पृष्ठभाग किती' हेच सांगत असतात. तर तुमच्या टाक्याला किती पृष्ठभाग लागतो, ते मोजून बघू.

टाक्यात साधारण ६,८०० लिटर पाणी आहे. दोन मुठी खाद्य म्हणजे १०० ग्रॅम धरू. तीस-बत्तीस टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यामागे सुमारे ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो, म्हणजे तुमच्याकडे रोज ३ ग्रॅम. एक चौरस मीटर जागेवरचे जिवाणू दिवसाला ०.२ ग्रॅम तरी निपटतात, हा हात राखून केलेला हिशेब आहे. म्हणजे तुम्हाला १५ चौरस मीटर जागा हवी. २० मिलिमीटरच्या गिट्टीत एका घनमीटरला सुमारे १८० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. भागाकार केला की ८०-८५ लिटर गिट्टी येते. अर्धा ड्रमसुद्धा नाही.

तेव्हा जागेची टंचाई तुमच्याकडे नाहीच. मी जे बंद पडलेले घरगुती फिल्टर उघडून पाहिले, त्यांत पृष्ठभाग कमी पडल्याचं क्वचित दिसलं. ते मेले गाळाने, नाहीतर वीज गेल्याने. म्हणून भरण निवडताना मी दोनच गोष्टी बघतो. घरचा माणूस ते एकट्याने उचलून धुऊ शकेल का? आणि रात्रभर लाइट गेली तर त्याचं काय होईल?

गिट्टी पहिल्याच प्रश्नाला अडखळते. तिच्यात वाईट काही नाही. आपली काळी बेसाल्टची गिट्टी पाण्यात काही सोडत नाही, स्वस्त आहे, क्रशरवर हवी तेवढी मिळते. पण शंभर लिटर गिट्टी म्हणजे दीडशे किलोच्या वर वजन. ड्रममध्ये भरली की ती तिथेच राहते. दोन-तीन महिन्यांत मधल्या फटी गाळाने भरतात, पाणी स्वतःपुरती एक वाट शोधून तिथूनच वाहतं आणि बाकीच्या भरणाला पाणीही लागत नाही नि प्राणवायूही. त्या भागात कुजणं सुरू होतं. म्हणजे फिल्टरच गाळाचं कोठार बनतो आणि मालकाला वाटतं की पाणी फिरतंय, म्हणजे सगळं ठीक आहे.

आता विजेचं. घरगुती लाइनवर पूर्वीइतकं भारनियमन राहिलं नसेल, पण मे-जूनच्या वादळात कुठे तार तुटली तर खेड्यात अख्खी रात्र जाते, हे तुम्हाला सांगायला नको. पाण्यात बुडालेल्या भरणातले जिवाणू साचलेल्या पाण्यातला प्राणवायू थोड्याच वेळात संपवतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन निपटायला त्यांना साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. तो संपला की ते मरू लागतात, आणि प्राणवायूशिवाय जगणारे दुसरे जिवाणू गाळावर काम सुरू करतात. सडक्या अंड्याचा वास त्यांचा. सकाळी लाइट आली, पंप चालू झाला, की ते काळं पाणी थेट टाक्यात. 'रात्री मासे ठीक होते, सकाळी लाइट आली आणि तासाभरात उलटे झाले' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

उन्हाळ्यात हे जास्त टोकाला जातं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सातच्या आत. नवतप्यात उथळ टाक्यातलं पाणी कुठे जातं ते हात घालून बघा. मासे आणि जिवाणू एकाच तुटपुंज्या साठ्यावर जगत असतात.

म्हणून तुमच्यासारख्या टाक्याला मी सगळं एका ड्रममध्ये कोंबायला सांगत नाही. ड्रम फक्त गाळासाठी ठेवा आणि जिवाणूंचं घर ड्रमच्या बाहेर, उघड्या हवेत करा.

ड्रममध्ये पंपाचं पाणी खालच्या बाजूने, कडेला धरून, तिरपं सोडा, म्हणजे ते गोल फिरतं आणि जड गाळ मध्यभागी बसतो. तळाला दीड इंची बॉल व्हॉल्व्ह बसवा. ड्रमच्या वरच्या अर्ध्यात शेडनेटच्या सैल गुंडाळ्या ठेवा. पॉलिहाउसवाल्यांकडे, नर्सरीवाल्यांकडे जुनी शेडनेट पडलेली असते. तरंगता कचरा अडवायला तिच्यासारखं स्वस्त काही नाही. कांद्याच्या जाळीदार पिशव्याही चालतात. आठवड्याला व्हॉल्व्ह उघडून गाळ सोडायचा, जाळी काढून झटकायची, झालं. ते पाणी धोप्याला, केळीला, कर्दळीला द्या. नायट्रेट त्यांच्या कामाचं असतं.

ड्रममधून निघालेलं पाणी टोमॅटोच्या कॅरेटांवर शिंपडल्यासारखं पडू द्या. कॅरेट एकावर एक रचायचे, त्यांत भरण, आणि खालून पाणी पुन्हा टाक्यात. अशा रचनेत जिवाणू प्राणवायू पाण्यातून कमी आणि हवेतून जास्त घेतात. लाइट गेली की पाणी निथळून जातं, भरण ओलं राहतं पण बुडून राहत नाही. सावली असेल तर ओलाव्यावर जिवाणू रात्र काढतात. उन्हाळ्यात बाहेरून ओलं गोणपाट किंवा शेडनेट गुंडाळायची, नाहीतर दुपारची झळ भरण वाळवून टाकते. पाणी हवेतून पडताना थोडं गारही होतं, कूलरमध्ये होतं तसंच. बदल्यात बाष्पीभवन वाढतं, त्यामुळे मे महिन्यात रोज भर घालावी लागेल. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हा तोटा मोठा आहे, तो आधी विचारात घ्या.

आता त्या कॅरेटमध्ये काय घालायचं ते बघू.

माझी पहिली पसंती जुन्या ठिबकच्या लॅटरलच्या तुकड्यांना. १६ मिलिमीटरची नळी दीड-दोन इंचांचे तुकडे करून सैल भरली तर आतला-बाहेरचा पृष्ठभाग मिळून घनमीटरला अडीचशे चौरस मीटरच्या पुढे जातो, म्हणजे गिट्टीहून जास्तच. एका कॅरेटला शंभर-सव्वाशे मीटर नळी लागते. एकरभराचं जुनं ठिबक काढलं तर याच्या कितीतरी पट निघते, आणि भंगारवाला ती किलोवर घेतो. भरलेला कॅरेट पाच-सहा किलोचा होतो, घरातलं कोणीही उचलेल. तुम्हाला दोन कॅरेट पुरतात, मी तिसरा ठेवेन. कापायला वेळ जातो हे खरं. नळ्यांची जुडी बांधून एकदम कापा. आणि त्या नळ्यांतून खतं, कधी आम्लही सोडलेलं असतं. तुकडे कापल्यावर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजत घाला आणि मगच वापरा. ही नळी पाण्यावर तरंगते, त्यामुळे कोणी ती ड्रममध्ये बुडवून वापरणार असेल तर जाळीच्या पिशवीत भरून वर वजन ठेवावं लागेल. कॅरेटमध्ये तो प्रश्नच नाही.

दुसरी पसंती कवेलूच्या, म्हणजे छपरावरच्या कौलांच्या, तुकड्यांना. स्लॅबची घरं झाली तशी गावोगाव कवेलूंची रास पडून आहे. चांगलं भाजलेलं कवेलू खरखरीत असतं, जिवाणू त्यावर लवकर बसतात. आतल्या बारीक छिद्रांमुळे पृष्ठभाग हजारपट होतो असं जे सांगतात, त्यावर फार जाऊ नका. त्या छिद्रांत ना पाणी फिरतं ना हवा, काही दिवसांत ती बुजतात. कामाचा असतो तो बाहेरचा पृष्ठभाग. कवेलू जड आहे, म्हणून कॅरेट अर्धाच भरा, नाहीतर तळ फाटेल. विटांचंही हेच, फक्त वीट वाजवून घ्या. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाजाची कच्ची वीट महिन्याभरात माती होऊन पाण्यात उतरते.

पण वीट म्हणजे लाल वीट. नागपूर, चंद्रपूरकडे थर्मलच्या राखेच्या करड्या विटा सर्रास मिळतात, आणि बांधकामातले तुकडे फुकट असतात म्हणून लोक त्याच टाकतात. त्यांत चुना किंवा सिमेंट असतं, ते पाण्याचा सामू (पीएच) वर नेतं. तुमच्या नव्या सिमेंटच्या टाक्यालाही हे लागू आहे. सामू वाढण्याचं इतकं भय कशाला, तर पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. ३० अंशांना सामू ८ असेल तर त्यातला सात-आठ टक्के भाग घातक रूपात असतो. सामू ९ झाला की तोच भाग ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. अमोनिया तेवढाच, मासे तेच, आणि विष सहापट. हिरव्या पाण्याचा सामू दुपारनंतर तसाही चढतो. त्यावर राखेच्या विटा म्हणजे संकटाला घरी बोलावणं. टाकं नवं असेल तर दोन-तीनदा भरून, चार-पाच दिवस ठेवून रिकामं करा, आणि सामू साडेआठच्या खाली स्थिर झाला की मगच मासे वाढवा. बॉयलरमधून निघणारे कोळशाचे जळके खडेही भरणात नकोत. दिसतात छान सच्छिद्र, पण त्यांतून काय झिरपेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

अनोळखी दगड असेल तर त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर चुनखडी. वणी, राजुरा, कोरपना भागात हे सहज सापडतं. चुनखडी विष नव्हे, पण बोअरचं पाणी आधीच जड असेल तर तिची गरज नाही. जे पावसाचं पाणी साठवून टाकं भरतात त्यांच्याकडे मात्र तिची एक छोटी पिशवी उपयोगी पडते, कारण जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता खातात आणि मऊ पाण्यात ती लवकर संपते.

कूलरच्या ताट्यांमधलं लाकडी गवत बरेच जण टाकून बघतात, कारण जूननंतर ते घरोघरी फेकायलाच काढलेलं असतं. काही आठवड्यांत कुजून ते स्वतःच गाळ होतं. मधाच्या पोळ्यासारखं पॅड कागदाचं असतं, तेही सतत पाण्यात टिकत नाही. नारळाच्या काथ्याचं तेच. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं चालतात, फक्त ती उताणी पडून पाणी धरतात, म्हणून प्रत्येकाला भोक पाडा. भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या उत्तम, पण ठिबकची नळी असताना त्या विकत कशाला घ्यायच्या? वाळूला पृष्ठभाग प्रचंड असतो, पण दाबाने उलटं धुण्याची सोय नसेल तर ती आठवड्यात चिकटून बसते. सिरॅमिक रिंगा काचेच्या टाकीसाठी ठीक आहेत. बायो-बॉल चांगले, पण तुमच्या तीन ग्रॅम अमोनियासाठी नळीपेक्षा वेगळं काही करणार नाहीत. पाण्यात सतत हलणारे छोटे प्लास्टिकचे चकत्या-चाकांसारखे तुकडे मिळतात, ते खरोखर गुणी आहेत, स्वतःच स्वतःला घासून साफ ठेवतात. पण त्यांना चोवीस तास हवा लागते. घरी इन्व्हर्टर असेल आणि हवेचा छोटा पंप त्यावर टाकता येत असेल तरच त्या वाटेला जा.

कोळसा आणि झिओलाइटचं दोन वाक्यांत सांगतो. चुलीतला कोळसा थोडा रंग-वास ओढतो आणि मग भरून जातो, अमोनियासाठी त्याचा उपयोग नाही. झिओलाइट हा खनिज दगड अमोनिया धरतो, पण पाण्यात मीठ आलं की धरलेला सोडून देतो, आणि माशांच्या आजारात आपण पहिल्यांदा मीठच टाकतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी तर त्याच्यावर पैसे घालूच नयेत.

पंप तासाला तीन-साडेतीन हजार लिटर प्रत्यक्ष वर चढवेल असा घ्या, म्हणजे दोन तासांत टाक्यातलं पाणी एकदा फिरतं. पाच फूट उंचीवर पाणी न्यायचं तर डब्यावर लिहिलेल्या आकड्याहून बरंच कमी मिळतं. जुन्या कूलरचा पंप इथे पुरणार नाही.

ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधाचे ड्रम, कॅन भंगारात फिरत असतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अतिशय कमी मात्रेत मारतात, आणि प्लास्टिकमध्ये मुरलेलं औषध दहा वेळा धुऊनही पूर्ण निघाल्याची खात्री नसते. खाण्याच्या तेलाचा किंवा लोणच्याचा ड्रम बरा. पावसाळ्यात टाक्याच्या काठाला वीतभर उंच कड ठेवा. काळ्या मातीचं पाणी आत आलं तर तिचा बारीक अंश दिवसेंदिवस खाली बसत नाही आणि यातलं कोणतंही भरण तो अडवत नाही.

फिल्टर सुरू केल्यावर लगेच फळ मिळत नाही. जिवाणू पुरेसे वाढायला आपल्या गरम पाण्यातही तीन-चार आठवडे जातात. तोवर खाद्य पावपट करा आणि अमोनिया-नायट्राइटच्या तपासणीचा थेंबांचा संच आणून दोन-तीन दिवसांआड बघत राहा. ओळखीच्या कोणाकडे जुना, निरोगी फिल्टर असेल तर त्यातलं ओंजळभर भरण मागून आणा, काम लवकर होतं. त्यांच्याकडे मासे आजारी असतील तर आणू नका. नायट्राइट चढलं तर हजार लिटरला एक किलो साधं मीठ आधार देतं, पण कमळ-जलकुंभी त्या आधी काढून ठेवा.

कॅरेटमधलं भरण दोन-तीन महिन्यांनी, एका वेळी एकच कॅरेट काढून, टाक्यातल्याच पाण्याच्या घमेल्यात हलवून घ्यायचं. चमकेपर्यंत घासायचं नाही. ती बुळबुळीत तपकिरी साय म्हणजेच तुमचे जिवाणू. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी वापरू नका, त्यात ब्लीचिंग पावडर असते. रात्रभर वीज गेली असेल तर सकाळी पंप चालू करण्याआधी ड्रमच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून साचलेलं पाणी झाडांना सोडा, आणि नंतरच बटण दाबा.

राहिले तुमचे रोहू-कटला. वरचा सगळा हिशेब रोजच्या १०० ग्रॅम खाद्याचा आहे. कोई हळू वाढतील, पण हे दहा-बारा जण वाढू लागले की खाद्य दुप्पट होईल आणि कॅरेटही दुप्पट लागतील. पोराला समजावून त्यांना एखाद्या शेततळ्यात सोडा. तो ऐकत नसेल तर मासळीचा रस्सा करा, तेव्हा कदाचित ऐकेल.